तहान आणि ताबा



या वर्षीच्या व्याख्यानाचा विषय मी कळवला आणि लगोलग संयोजकांचा फोन आला, "सर, हे पत्रिकेवर छापायचं कसं?" थोडी घासाघीस झाली आणि 'सिनेमा आणि संग्रह' असे सोज्ज्वळ शीर्षक छापून आले. माझी तक्रार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी फिल्म सोसायटीची पत्रके आयुष्यभर अशीच काढली. पत्रकावर 'समकालीन युरोपीय वास्तववाद', आणि आत जे असायचे ते असायचे. सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरमधून सूट असे, आणि काही सभासद केवळ त्या सुटीसाठी नाव नोंदवत, हे इथल्या ज्येष्ठांना चांगले ठाऊक आहे. त्या सभासदांना कोणी नावे ठेवली की ते एवढेच म्हणत, "वर्गणी सगळ्यांची सारखीच आहे." तेव्हा या व्यासपीठावर आज मी वासनेबद्दल, रक्ताबद्दल आणि एका कात्री लागलेल्या चित्रपटाबद्दल बोललो तर ते अगदीच अस्थानी होणार नाही.

चित्रपटाचे नाव 'गांजा अँड हेस'. साल १९७३, दिग्दर्शक बिल गन. हेस हा नायक आणि गांजा ही नायिका. हो, तुम्ही समजताय तोच गांजा. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे हा चित्रपट त्याच्या मूळ रूपात न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाबाहेर पाहायला मिळणे दुरापास्त होते. त्याचे तुकडे मात्र भलत्याच नावांनी व्हिडिओ कॅसेटवर फिरत होते, आणि ते तुकडे हुडकत फिरणारे लोकही होते. मला बोलायचे आहे ते या लोकांबद्दलही, कारण हा चित्रपटच मुळात हव्यासाचा आहे. एखाद्या वस्तूने माणसाचा ताबा घ्यावा म्हणजे काय, हे त्यात दाखवले आहे आणि नेमका तोच चित्रपट पुढे लोकांचा ताबा घेणारी वस्तू झाला. असा योग सिनेमाच्या इतिहासात क्वचित येतो.

हा चित्रपट ज्या प्रकारात विकला गेला ती एक्सप्लॉइटेशन फिल्म समजून घ्यायची तर सुरुवात पोस्टरपासून करावी लागते. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीची पद्धत प्रसिद्ध आहे. कंपनीचे प्रमुख जेम्स निकोल्सन आधी चित्रपटाचे नाव शोधत, मग पोस्टर काढून घेत. थिएटरवाल्यांनी माना डोलावल्या की मग पटकथा लिहायला माणूस बसे. म्हणजे गिऱ्हाइकाची भूक आधी ताडायची आणि पदार्थ नंतर शिजवायचा. भूक कसली? जे मोठे स्टुडिओ दाखवत नाहीत ते पाहण्याची. देह, हिंसा, अमली पदार्थ, मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्या. हॉलिवूडची जुनी आचारसंहिता १९६८ साली मोडीत निघाली, तिच्या जागी वयानुसार प्रमाणपत्रे आली, आणि झाकण उघडल्यासारखे झाले. चित्रपट स्वस्तात करायचा, ड्राइव्ह-इनमध्ये किंवा शहरातल्या पडेल थिएटरांत लावायचा, गल्ला गोळा करायचा आणि पुढच्या पोस्टरकडे वळायचे. या व्यवहारात चित्रपट जपून ठेवण्याचा विचार कोणाच्या डोक्यात येणेच शक्य नव्हते. केळीच्या पानावर जेवलेला माणूस पान धुऊन ठेवत नाही.

१९७१ साली मेल्व्हिन व्हॅन पीबल्सच्या 'स्वीट स्वीटबॅक्स बाडास साँग'ने आणि पाठोपाठ 'शाफ्ट'ने दाखवून दिले की कृष्णवर्णीय प्रेक्षक तिकीटखिडकीवर रांग लावतो. त्याला काय हवे हे आपल्याला समजले आहे असे निर्मात्यांना वाटू लागले आणि त्यांनी एकाच साच्यातून चित्रपट काढायला सुरुवात केली. १९७२ मध्ये अमेरिकन इंटरनॅशनलने 'ब्लॅक्युला' आणला. ड्रॅक्युलाचाच अवतार, पण नायक कृष्णवर्णीय. तो चालला. तेव्हा केली-जॉर्डन एंटरप्रायझेस नावाच्या एका छोट्या कंपनीने ठरवले की आपणही एक कृष्णवर्णीय व्हँपायर काढावा. साडेतीन लाख डॉलर बाजूला ठेवले आणि काम दिले बिल गनला.

गन १९३४ साली फिलाडेल्फियात जन्मला. नट, नाटककार, कादंबरीकार, आणि हाल ॲशबीच्या 'द लँडलॉर्ड' या १९७० सालच्या चित्रपटाचा पटकथाकार. त्याला व्हँपायरचा चित्रपट करण्यात काडीचाही रस नव्हता. पण रक्ताची तहान म्हणजे व्यसन असे धरले तर काहीतरी करता येईल, हे त्याच्या लक्षात आले. निर्मात्यांना हवे ते नाव घेऊन तो निघाला आणि त्यांना नको असलेले सगळे त्याने केले. पूर्ण चित्रपटात व्हँपायर हा शब्द एकदाही येत नाही. सुळे नाहीत, काळा झगा नाही, सूर्यप्रकाशाची भीती नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण हा चित्रपट गोष्टीसाठी पाहायचा नाही. डॉ. हेस ग्रीन हा मानववंशशास्त्रज्ञ आहे. श्रीमंत आहे. हडसन नदीच्या काठावरच्या प्रशस्त घरात राहतो, घर आफ्रिकी कलावस्तूंनी भरलेले, दाराशी रोल्स रॉइस आणि ती चालवणारा माणूस रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारा पाद्री. मिर्थिया या एका काल्पनिक प्राचीन आफ्रिकी संस्कृतीचा हेस अभ्यास करतो आहे. संस्थेतून त्याला एक नवा सहायक मिळतो, जॉर्ज मीडा. ही भूमिका गनने स्वतः केली आहे. मीडा मनाने मोडलेला आहे. पहिल्याच रात्री तो बाहेर झाडावर फास घेऊन बसतो. हेस खाली उभा राहून त्याची समजूत काढतो, आणि काय सांगतो? या वस्तीत आपण एकटेच काळे आहोत. इथे एखाद्या काळ्या माणसाचे प्रेत सापडले तर पोलीस आधी माझ्या दारात येतील. एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याने दिलेले हे कारण! प्रेक्षक हसावे की शहारावे या पेचात पडतो, आणि अख्खा चित्रपट त्या पेचातून आपल्याला सोडत नाही.

पुढे मीडा मिर्थियाच्या खंजिराने हेसला भोसकतो आणि मग स्वतःला गोळी घालून घेतो. हेस मरत नाही. त्या खंजिरातून रोग त्याच्या अंगात उतरला आहे. तो फरशीवर वाकून मीडाचे रक्त चाटतो. आता तो मरणार नाही आणि त्याची तहानही भागणार नाही. मग मीडाची बायको नवऱ्याला शोधत येते. ही गांजा. ती घराची मालकीण असल्यासारखी वागू लागते, नोकराला फटकारते, हेसच्या बिछान्यात येते आणि एके दिवशी तळघरात तिला नवऱ्याचे गोठलेले प्रेत सापडते. ती किंचाळून पळून जाईल असे आपल्याला वाटते. ती हेसशी लग्न करते.

चित्रपटाचे तीन भाग आहेत आणि त्यांना बळी, टिकून राहणे आणि सोडून देणे अशा अर्थाची शीर्षके दिली आहेत. हेस बळी ठरतो, गांजा टिकते, आणि सोडून देणे दोघांना वेगवेगळ्या तऱ्हेने साधते किंवा साधत नाही. गांजाचे काम मार्लीन क्लार्कने केले आहे आणि माझ्या मते त्या दशकातल्या अमेरिकन सिनेमातल्या सर्वोत्तम भूमिकांत तिची गणना व्हायला हवी होती. तिच्या तोंडी लहानपणीची एक लांबलचक आठवण आहे. बर्फात खेळून घरी आलेल्या मुलीवर आईने घेतलेला संशय, आणि त्या दिवशी त्या मुलीने मनाशी केलेला निश्चय की यापुढे आपली काळजी आपणच घ्यायची. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. एक्सप्लॉइटेशन चित्रपटात नायिकेला एवढा वेळ बोलू देणे म्हणजे निर्मात्याच्या दृष्टीने पैसे जाळणे. गनने ते जाळले. ते दृश्य पाहिल्यावर प्रेत सापडल्यानंतरचा तिचा निर्णय आपल्याला धक्कादायक वाटत नाही, उलट अगदी हिशेबी वाटतो.

शरीरसंबंधांची दृश्ये आहेत, नग्नता आहे, आणि ती चोरटी नाही. पण कॅमेरा कातडीच्या इतका जवळ जातो की डोळ्यांची हौस भागत नाही. अंग आहे की सावली, घाम आहे की रक्त, कळेनासे होते. ज्या प्रेक्षकाने पोस्टर पाहून तिकीट काढले त्याला त्याचा माल अर्धामुर्धाच मिळतो. सुपर १६ मिलिमीटरवर जेम्स हिंटनने केलेले छायाचित्रण दाणेदार आणि उबदार आहे. सॅम वेमन, म्हणजे नीना सिमोनचा भाऊ, यात पाद्रीही आहे आणि संगीतकारही. चर्चमधले गायन आणि 'बोंगिली वर्क साँग' हे आफ्रिकी श्रमगीत एकमेकांवर आदळत राहतात. तहान लागली की ते श्रमगीत कानात घुमू लागते आणि मिर्थियाची राणी पिसांचा मुकुट घालून गवतातून चालत येते. हेसला एकीकडून येशू बोलावतो आणि दुसरीकडून ती राणी. दोन्ही हाका त्याच्याच पूर्वजांच्या आहेत, हा त्याचा खरा छळ.

एका गोष्टीकडे समीक्षकांचे लक्ष कमी गेले आहे असे मला वाटते. हेस रक्त कोणाचे पितो? आधी दवाखान्यातून रक्त चोरतो. मग शहराच्या गरीब वस्तीत जातो, तिथे देह विकणारी एक बाई त्याच्या हाती लागते. पुढे एका खोलीत तो एका बाईला मारून निघून जातो आणि मागे तिचे तान्हे मूल रडत राहते. म्हणजे रोल्स रॉइसमधून फिरणारा शिकलासवरला काळा माणूस आपल्याच लोकांतल्या सर्वांत दुबळ्यांवर जगतो आहे. गनने हे एका शब्दानेही बोलून दाखवलेले नाही. ज्यांना नायक म्हणून कणखर, गोऱ्यांना ठोकणारा माणूस हवा होता, त्यांना हे पचणार नव्हतेच.

एप्रिल १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लेबॉय थिएटरात चित्रपट लागला आणि आठवड्याभरात उतरला. वृत्तपत्रांतल्या समीक्षकांनी त्याची टर उडवली. गनने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहिले, ते १३ मे रोजी छापून आले. मी युरोपीय असतो तर याच चित्रपटाला तुम्ही आवर्जून पाहावा असा म्हटले असते, असा त्यात त्याचा रोख होता. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्या वर्षी निवडलेला हा एकमेव अमेरिकन चित्रपट आहे, निदान एका देशबांधवाबद्दल वाटावा तेवढा अभिमान तरी बाळगा, असेही त्याने सुनावले. हे पत्र रडगाणे नाही. हात जोडून न लिहिलेले पत्र आहे ते.

निर्मात्यांनी मात्र हात झटकले. त्यांनी चित्रपट हेरिटेज एंटरप्रायझेस नावाच्या वितरकाला विकला, आणि तिथे त्याला कात्री लागली. १९७३ सालच्या प्रदर्शनातली लांबी ११० मिनिटांच्या आसपास होती, ती ७८ मिनिटांवर आली. नुसतीच कापाकापी झाली असती तर एक वेळ ठीक. गनने संकलनात स्वतः टाकून दिलेले काही तुकडे परत जोडले गेले, गोष्ट सरळ रेषेत आणली गेली आणि पडद्यावर 'ब्लड कपल' हे नाव आले. गन, हिंटन आणि संकलक व्हिक्टर कॅनेफ्स्की यांनी आपली नावे काढून घेतली. दिग्दर्शक म्हणून भलतेच नाव लागले. पुढे हाच कापलेला माल 'डबल पझेशन', 'ब्लॅक एव्हिल', 'ब्लॅक व्हँपायर', 'व्हँपायर्स ऑफ हार्लेम' अशा नावांनी विकला गेला. चित्रपटातले घर हार्लेमपासून कित्येक कोस दूर, नदीकाठच्या झाडीत आहे. पण पोस्टरवर हार्लेम शोभून दिसते ना!

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. हेसचे काम करणारा ड्वेन जोन्स हा जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा नायक. त्या चित्रपटाचे आधीचे नाव वेगळे होते. वितरकाने नाव बदलले तेव्हा नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायला तो विसरला. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार सूचना नाही म्हणजे हक्क नाही, आणि चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. मिळेल त्याने प्रती काढल्या, टीव्हीवर दाखवला, पुढे कॅसेट विकल्या, जगभर पोचवला. एकाच नटाच्या दोन चित्रपटांची नावे वितरकांनी बदलली. त्यातला एक सगळीकडे झाला आणि दुसरा कुठेच उरला नाही. जोन्स नंतर अध्यापनात आणि रंगभूमीवर रमला आणि १९८८ मध्ये वारला. त्याला लोक झाँबीच्या चित्रपटामुळे ओळखत. हेस म्हणून त्याने केलेले काम, तो मंद, सुसंस्कृत, आतून जळणारा चेहरा, पूर्ण पाहिलेले लोक तेव्हा फारच थोडे होते.

मूळ आवृत्तीची प्रत उरली ती गनच्या बाजूच्या माणसांमुळे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिची एक प्रिंट गेली आणि तिथे ती वेळोवेळी दाखवली जाऊ लागली. प्रोजेक्टरमधून जाताना प्रत्येक वेळी फिल्मवर थोडा ओरखडा उठतो, सांधे सैल होतात. जो पाहतो तो थोडी झीज करतो. एकच प्रिंट असली की प्रत्येक खेळ ही शिल्लक खर्च करण्यासारखी गोष्ट असते. तरी संग्रहालयाने ती दाखवली, हे मला फार मोलाचे वाटते. कुलूप लावून ठेवली असती तर प्रिंट चकचकीत राहिली असती आणि चित्रपटाचे नाव पुसले गेले असते.

संग्रहालयापासून लांब राहणाऱ्या माणसापुढे वाट एकच, ती म्हणजे कॅसेटची. १९८०च्या दशकात घरोघरी व्हीसीआर आला आणि व्हिडिओ लायब्ररीवाल्यांना फळ्या भरायला माल हवा होता. वितरकांनी गोदामे उपसली. त्यातून कापलेला 'ब्लड कपल' वेगवेगळ्या मोठ्या, भडक खोक्यांतून बाहेर पडला. एखादा तरुण भयपटांच्या नादाने ती कॅसेट भाड्याने आणायचा, पाहायचा आणि चक्रावायचा. मधूनच अशी एखादी चौकट येई, असा एखादा संवाद येई की हा चित्रपट या खोक्यातला नव्हेच असे वाटे. इथे संग्राहक जन्माला येतो. जे समोर आहे त्यात काहीतरी गळले आहे हा संशय एकदा मनात शिरला की झोप उडते. मग दुसऱ्या नावाची कॅसेट मिळवायची, दोन्ही एकापाठोपाठ लावून पाहायच्या, कुठे काय कमी आहे ते वहीत टिपायचे. टिम लुकस यांचे 'व्हिडिओ वॉचडॉग' हे नियतकालिक अशाच लोकांसाठी निघाले होते. मिनिटे, सेकंद, कापलेले तुकडे यांचा काथ्याकूट करणारे हे नियतकालिक बाहेरच्या माणसाला वेडगळ वाटेल. पण १९९१ साली त्याच नियतकालिकात लुकस आणि डेव्हिड वॉकर यांनी 'गांजा अँड हेस'च्या आवृत्त्यांचा तपशीलवार पंचनामा केला. चित्रपटाची हत्या कशी झाली हे पुराव्यानिशी मांडण्याचे काम त्या कॅसेटवेड्यांनी नेटाने केले. सात वर्षांनी, १९९८ मध्ये, ऑल डे एंटरटेनमेंट या छोट्या कंपनीने मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आणली.

म्हणून संग्राहकाला हिणवायला मी उभा नाही. पण त्याच्या तहानेचे पाणी जरा ढवळून पाहू या. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात हिंसक व्हिडिओंविरुद्ध हाकाटी उठली. सरकारी वकिलांनी आक्षेपार्ह चित्रपटांची यादी केली, वेगवेगळ्या काळी त्या यादीत मिळून ७२ नावे आली, आणि १९८४ साली कायदाही झाला. परिणाम काय झाला? ती यादीच खरेदीची यादी झाली. ज्यांनी हे चित्रपट एरवी दुकानात हातातही घेतले नसते ते एकेक नाव खोडत ७२ पुरे करायला निघाले. त्यातले बरेचसे चित्रपट सुमार आहेत, काही तर जांभई आणणारे. बंदीमुळे त्यांना किंमत आली. पुढे २००९ साली उघडकीस आले की तो कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचा राहूनच गेला होता आणि इतकी वर्षे तो लागू करण्याजोगाच नव्हता! सरकारला तो पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला.

तर अशा संग्रहात चित्रपटाचे मोल तो किती लोकांकडे नाही यावर ठरते. इथे मला हेसचे घर आठवते. मुखवटे, मूर्ती, गालिचे, दारू आणि कपाटात मिर्थियाचा खंजीर. हेस हा पडद्यावरच्या संग्राहकांचा शिरोमणी आहे. ज्या संस्कृतीतून तो आला तिच्या वस्तू त्याने विद्वत्तेने आणि पैशाने गोळा केल्या, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि आपण त्यांचे मालक आहोत असे समजला. त्यातली एक वस्तू त्याच्या छातीत घुसली तेव्हा मालक कोण ते ठरले. चित्रीकरणाचा काही भाग ब्रुकलिन म्युझियममध्ये झाला, हे मला योगायोग वाटत नाही. काचेआडच्या वस्तूंमध्ये अजून जीव आहे आणि त्या आपली परतफेड मागतील, ही शंका गनने बरोबर त्या जागी आणून ठेवली आहे.

आता दुर्मीळतेवर मोल ठरवण्यातली अडचण. 'गांजा अँड हेस' दुर्मीळ कशामुळे झाला? तो नायट्रेट फिल्मवरचा नव्हता, आगीत जळाला नाही, युद्धात हरवला नाही. एका कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने सांगितल्याबरहुकूम माल दिला नाही म्हणून तो दुर्मीळ केला गेला. ती दुर्मीळता म्हणजे त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा वळ आहे. त्या दुर्मीळतेचा अभिमान मिरवणारा, माझ्याकडे 'ब्लॅक एव्हिल'ची मूळ कॅसेट आहे असे सांगणारा माणूस नेमके काय मिरवतो आहे? ज्या कॅसेटवर नाव असू नये म्हणून गन भांडला ती कॅसेट आज वस्तू म्हणून मिरवली जाते, आणि तेही तिच्या भडक खोक्यासाठी. मला हे टोचते. आणि तरीही, ती कॅसेट कोणीतरी जपली नसती तर तो पंचनामा लिहिताच आला नसता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांचा मेळ घालता आलेला नाही.

इथे आपल्या पुण्याचे एक नाव घेतो, कारण मुद्दा त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी ते उभे केले. फाळक्यांची रिळे त्यांनी नाशिकला जाऊन मिळवली, हे सगळे सांगतात. त्यांचा दुसरा हट्ट तितकासा सांगितला जात नाही. चांगला-वाईट, कलात्मक-गल्लाभरू असा भेद जपणाऱ्याने करायचा नाही. मिळेल ती फिल्म जपायची. 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही, असे ज्या देशाचे दुखणे आहे तिथे निवड करण्याची चैन परवडत नाही. संग्राहक आणि नायर यांच्यात फरक आहे तो इथे. संग्राहकाला आपल्याकडची प्रत शेवटची असावी असे कुठेतरी वाटत असते. नायर यांना शेवटच्या प्रतीची धास्ती होती.

अलीकडे संग्रहाच्या व्यवहाराने नवे वळण घेतले आहे. ज्या चित्रपटांना कोणी वाली नव्हता ते चकचकीत ब्लू-रेवर येतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका कंपनीने तर 'व्हिनेगर सिंड्रोम' हेच नाव घेतले आहे. जुन्या ॲसिटेट फिल्मला जो रोग होतो त्याचे हे नाव. फिल्म विघटित होऊ लागली की व्हिनेगरसारखा आंबूस दर्प सुटतो, रीळ आकसते, आणि शेजारच्या डब्यालाही लागण होते. ही मंडळी काम उत्तम करतात. निगेटिव्ह शोधून, धुऊन, स्कॅन करून पडेल समजल्या गेलेल्या चित्रपटाला त्यांनी असे रूप दिले आहे की पहिल्या प्रदर्शनातही तो तसा दिसला नसेल. पण धंदा तरायचा तर गिऱ्हाइकाने पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवे. म्हणून मर्यादित प्रतींचे पुठ्ठ्याचे वेष्टन काढतात. आतली तबकडी पुढे कायम मिळते, वेष्टन संपते. मग त्या वेष्टनासाठी दुप्पट-तिप्पट भाव. चित्रपट सर्वांना मिळू लागला तर हव्यासाने पुठ्ठा धरला. मी हे हसत सांगतो आहे, पण माझ्याही कपाटात असे काही पुठ्ठे आहेत.

'गांजा अँड हेस'चे पुढे बरे झाले. किनो लॉर्बरने तो २०१२ मध्ये ब्लू-रेवर आणला आणि न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयाने फिल्म फाउंडेशनच्या साहाय्याने केलेल्या जतनामुळे २०१८ ची आवृत्ती आणखी नीट झाली. स्पाइक लीने लोकवर्गणी काढून २०१४ साली त्याचा नवा अवतार केला, 'डा स्वीट ब्लड ऑफ जीझस'. दृश्यामागून दृश्य मुळाबरहुकूम, आणि तरीही कोरडा. त्यावर अधिक बोलण्यासारखे नाही.

गनला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. ५ एप्रिल १९८९ रोजी तो वारला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये त्याच्या 'द फॉरबिडन सिटी' या नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच्या नावावर आणखी एक चित्रपट आहे, 'स्टॉप!'. १९७० साली वॉर्नर ब्रदर्ससाठी पोर्तो रिकोत चित्रित केलेला. दोन जोडपी, त्यांचे गुंतलेले देहसंबंध, आणि वर 'एक्स' प्रमाणपत्र. स्टुडिओने तो प्रदर्शितच केला नाही. 'गांजा अँड हेस'ला निदान कापायला कोणी तरी मिळाला. 'स्टॉप!'वर कोणी कात्रीही चालवली नाही, तो नुसता कपाटात ठेवला. संग्राहकांच्या बोलण्यात हल्ली तो येतो आणि डोळ्यांत ती चमक दिसते. मला वाटते, कोणाकडे तरी त्याची चोरटी प्रत असेल का हे विचारण्यापेक्षा मालकाला जाहीरपणे विचारत राहावे की तो का दाखवत नाही. छोट्या वितरकाने केलेल्या खुनावर आपण खूप लिहितो. मोठ्या स्टुडिओच्या कपाटाला जाब विचारणारे थोडे.

चहानंतर चित्रपट आहे. मूळ आवृत्ती, हक्कधारकांची परवानगी घेऊन. शेवटच्या वीस मिनिटांत हेस चर्चमध्ये जातो ते दृश्य लांब आहे, त्यात गोष्ट पुढे सरकत नाही, आणि वितरकाचा हात कात्रीकडे का गेला असेल ते तिथे कळेल. तिथे उठू नका. त्यानंतर गांजाला पाहा. हेस क्रुसाच्या सावलीत जाऊन मरण मागतो आणि त्याला ते मिळते. तिला ते नको आहे. पाण्यातून एक नागडा तरुण निघतो आणि घराकडे धावत येतो, आणि ती त्याच्याकडे बघून जशी हसते तशी हसायला त्या काळच्या पडद्यावर कुठल्या बाईला परवानगी होती? चर्चेत मला उत्तर द्यायचे नाही, तुमचे ऐकायचे आहे.